बारा प्लगांची गाडी आणि सहा प्लगांचा हिशेब

गेल्या काही वर्षांत देऊळगाव राजाच्या परिसरात एक नवी हौस दिसू लागली आहे. शेडनेटमधल्या बीजोत्पादनाचा पैसा हातात खेळू लागला, समृद्धी महामार्ग सिंदखेडराजाच्या शेजारून गेला, आणि पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारातली पंधरा-वीस वर्षांची मर्सिडीज नव्या छोट्या गाडीच्या किमतीत दारात उभी राहू लागली. या हौसेला माझा विरोध नाही. त्या काळात त्या गाड्या मनापासून बनवल्या गेल्या होत्या. पण त्यांच्या इंजिनात ठिणगी पाडण्याची जी रचना आहे, ती आपल्या हाताखालून गेलेल्या गाड्यांसारखी नाही. घेणाऱ्याला ते माहीत नसतं, आणि पुष्कळदा दुरुस्त करणाऱ्यालाही नसतं.

ओळखीतल्या एका बियाणे व्यापाऱ्याने अशीच एक काळी ई २४० आणली. महिनाभरात गाडी उभ्या जागी किंचित थरथरू लागली, पेट्रोल जास्त पिऊ लागली. गावातल्या कारागिराने सहा सिलिंडरचं इंजिन पाहिलं, जालन्याहून सहा प्लग मागवले आणि बसवले. गाडी सुरू झाली, चालली. तीन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन ती माझ्याकडे आली. बॉनेट उघडून मोजले तर प्लग बारा. सहा नवे, आणि मागच्या भिंतीकडचे, जिथे हात जाता जात नाही तिथले सहा जुनेच. कारागिराने फसवणूक केलेली नव्हती. सहा सिलिंडरला सहा प्लग हा त्याचा आयुष्यभराचा हिशेब होता. बारा दिसल्यावर त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं, पण गाडी चालत होती, म्हणून प्रश्न तिथेच मिटला.

या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. जुन्या भारी गाड्यांत ठिणगीची व्यवस्था बहुधा दुहेरी किंवा दोन भागांत वाटलेली असते. त्यामुळे अर्धी व्यवस्था निकामी झाली तरी गाडी बंद पडत नाही, आणि दोष झाकला जातो. बैलजोडीत एक बैल अंगचोर निघाला तरी गाडी चालते. मालकाला कळतं तेव्हा दुसऱ्या बैलाची खांदेदुखी सुरू झालेली असते. म्हणून अशा गाडीला ‘चालते ना?’ हा प्रश्न विचारून उपयोग नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

आधी आपल्या ओळखीची रचना आठवू. अ‍ॅम्बॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीत एक कॉइल, एक डिस्ट्रिब्युटर, आत पॉइंट आणि रोटर, बाहेर कंडेन्सर आणि चार प्लग. बॅटरीच्या बारा व्होल्टचे कॉइल हजारो व्होल्ट करते, आणि रोटर तो करंट १-३-४-२ या क्रमाने वाटत फिरतो. पॉइंट घासले की गाडी मिस मारते, कंडेन्सर गेला की बंदच पडते. दोष लपत नाही, कारण सगळ्यांचं पाणी एकाच विहिरीतून येतं.

आता बारा सिलिंडरचं इंजिन घ्या. मिनिटाला ६,००० फेरे होत असतील तर त्याला दर सेकंदाला ६०० ठिणग्या लागतात. पॉइंटची एक जोडी इतक्या वेगाने उघडझाप करू शकत नाही, आणि कॉइलला भरायला वेळही उरत नाही. मग रचनाकारांनी काम वाटून दिलं. १९८७ साली आलेल्या बीएमडब्ल्यू ७५० च्या बारा सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक बाजूच्या सहा सिलिंडरना स्वतंत्र कॉइल, स्वतंत्र डिस्ट्रिब्युटर आणि स्वतंत्र संगणक दिला. म्हणजे एका बॉनेटखाली सहा सिलिंडरची दोन इंजिनं. सुरुवातीच्या लेक्सस एलएस ४०० च्या आठ सिलिंडरच्या इंजिनातही दोन कॉइल आणि दोन डिस्ट्रिब्युटर आहेत.

त्याही आधी दुहेरी ठिणगीचं कारण वेग नव्हतं, भरवसा होता. १९०७च्या रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टला प्रत्येक सिलिंडरमागे दोन प्लग होते. एका संचाला मॅग्नेटोचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून स्वतःच वीज बनवणाऱ्या यंत्राचा करंट, दुसऱ्याला बॅटरी आणि ट्रेंबलर कॉइलचा. त्या काळी बॅटरीवर कोणी पूर्ण विश्वास ठेवत नसे आणि मॅग्नेटोही कधी दगा देई. दोन्ही एकाच वेळी दगा देणार नाहीत, एवढाच साधा विचार त्यामागे होता. आपल्याकडच्या अनेक संस्थानिकांनी घेतलेल्या फँटम थ्रीत, म्हणजे १९३६ ते १९३९ या काळातल्या बारा सिलिंडरच्या गाडीत, दोन डिस्ट्रिब्युटर आणि चोवीस प्लग होते.

पण त्या काळच्या गाड्यांत एक गोष्ट होती जी नंतर हरवली. सिल्व्हर घोस्टच्या चालकाला मॅग्नेटो आणि बॅटरी स्वतंत्रपणे चालू-बंद करता येत. एक बंद करून दुसऱ्यावर इंजिन कसं चालतं हे तो बसल्या जागी ऐकू शकत असे. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत आजही दोन मॅग्नेटो असतात, आणि उड्डाणाआधी वैमानिक आधी एक, मग दुसरा बंद करून फेरे किती उतरतात ते काट्यावर पाहतो. प्रमाणाबाहेर उतरले तर विमान जमिनीवरच राहतं. दुहेरी व्यवस्थेबरोबर दोन्ही बाजू तपासायची सवयही असलीच पाहिजे, हे विमानवाल्यांनी कधी सोडलं नाही. मोटारींत मात्र दोन प्लग राहिले आणि तपासायचा स्विच गेला. ते काम आता मालकाने करायचं आहे.

आपल्याकडच्या बाजारात प्रत्यक्ष कोणती इंजिनं येतात तेही पाहू. मर्सिडीज भारतात बनू लागली ती पुण्यात. पिंपरीला टेल्कोच्या आवारात १९९५ साली ई-क्लासची जुळणी सुरू झाली, आणि २००९ साली कारखाना चाकणला गेला. त्या पहिल्या ई २२० पेट्रोल गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही. चार सिलिंडरना दोन कॉइल. एक कॉइल पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरला, दुसरी दुसऱ्या आणि तिसऱ्याला. जोडीतल्या दोन्ही प्लगना एकाच क्षणी ठिणगी मिळते. एका सिलिंडरमध्ये तिने पेट्रोल पेटतं, दुसऱ्यात त्या वेळी धूर बाहेर जात असतो, म्हणून ती ठिणगी वाया जाते. या रचनेत करंट एका प्लगमधून जाऊन दुसऱ्यातून परत येतो, दोन्ही एकाच साखळीत असतात. त्यामुळे एका प्लगची वायर तुटली की जोडीदाराचंही बिघडतं. पहिला आणि चौथा मिळून मिस मारत असतील तर प्लग बदलत बसू नका, त्या जोडीची कॉइल आणि वायरी आधी पाहा. जोडीतला एक प्लग मधल्या टोकाने जास्त झिजतो आणि दुसरा बाजूच्या टोकाने, हेही लक्षात ठेवा. तो दोष नाही. करंटची दिशा उलटी असल्याने तसं होतंच.

ई २४० ची गोष्ट निराळी. १९९७ साली आलेल्या त्या व्ही-सिक्स इंजिनाच्या घराण्यात प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह आणि दोन प्लग आहेत. धूर बाहेर जायला एकच व्हॉल्व्ह ठेवल्याने उष्णता कमी वाया जाते आणि सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापून कामाला लागतो. दोन प्लग दोन टोकांनी आग लावतात, त्यामुळे मिश्रण लवकर आणि सारखं जळतं. प्रत्येक सिलिंडरची स्वतंत्र कॉइल, तिला दोन तोंडं, दोन वायरी. संगणक त्या दोन ठिणग्यांत किंचित अंतर ठेवतो आणि कोणती आधी हेही बदलत राहतो. ही रचना फार सुंदर आहे. पण एक प्लग मेला तरी दुसरा सिलिंडर पेटवत राहतो, म्हणून डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा बरेचदा लागतच नाही. पिकअप थोडा पडतो, पेट्रोल थोडं वाढतं, आणि आपण रस्त्याला किंवा पेट्रोलला दोष देत राहतो. (याच कंपनीने नंतरच्या व्ही-सिक्समध्ये पुन्हा सिलिंडरला एकच प्लग ठेवला. म्हणून गाडीच्या मागचं नाव वाचून प्लग मागवू नका. बॉनेट उघडून वायरी मोजा.)

आता तपासणीकडे. गाडी पाहायला जाल तेव्हा सकाळी जा, आणि विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावा. कोमट लागलं तर परत फिरा किंवा संध्याकाळपर्यंत थांबा, कारण गार इंजिन खरं बोलतं. सुरू केल्यावर एसी बंद ठेवून दोन मिनिटं नुसतं ऐका. मग सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा कपटा धरा. तो एकसारखा बाहेर ढकलला गेला पाहिजे. मध्येच फडफडून आत ओढला जात असेल तर कुठलंतरी सिलिंडर काम चुकवतंय.

दुसरी परीक्षा चढावर. सपाट रस्त्यावर हलक्या हाताने चालवली तर अर्धी मेलेली व्यवस्थाही गोड वाटते. चढावर पॅडल दाबलं की सिलिंडरमधला दाब वाढतो, आणि दाब वाढला की ठिणगीला प्लगच्या फटीतून उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात. कमकुवत कॉइल आणि तडकलेली वायर तिथे उघडी पडते. आपल्या जिल्ह्यात यासाठी बुलढाण्याच्या पुढचा राजूर घाट उत्तम. चार माणसं बसवून चढवा. थरथर, अडखळणं, ‘फट्’ असा आवाज यातलं काहीही आलं तर किंमत ठरवायच्या आधी प्लग काढून दाखवा म्हणा. समृद्धीवर १२० च्या वेगाने नेऊन पाहिली, काही झालं नाही, असं पुष्कळ जण सांगतात. सपाट रस्त्यावर एका वेगाने धावणं हे इंजिनाला सोपं काम आहे, त्यावरून निकाल देऊ नका.

तिसरी परीक्षा स्वस्त आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पीयूसीची चिठ्ठी. तिच्यावर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोकार्बनचाही आकडा छापलेला असतो. हायड्रोकार्बन म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. बीएस-२ आणि बीएस-३ काळातल्या पेट्रोल गाड्यांना त्याची मर्यादा ७५० आहे, पण धडधाकट गाडीचा आकडा त्याच्या पुष्कळ खाली असतो. पास झाली एवढ्यावर खूश होऊ नका, आकडा वाचा. मागच्या वर्षीची चिठ्ठी असेल तर शेजारी ठेवा. आकडा वाढत चालला असेल तर कुठेतरी ठिणगी चुकते आहे. मात्र पीयूसी तुमच्या डोळ्यांसमोर, गाडीच्या नळीत सळई घालून झालेली असली पाहिजे.

चौथी परीक्षा मला सगळ्यात विश्वासाची वाटते, आणि ती फक्त दोन प्लगांच्या इंजिनातच करता येते. इंजिन पूर्ण गार असताना बाराही प्लग काढा. गरम असताना काढू नका, अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे निघून येतात आणि मग खर्च हजारांत राहत नाही. जमिनीवर वर्तमानपत्र पसरा, त्यावर एक ते सहा आकडे लिहा आणि प्रत्येक आकड्याखाली त्या सिलिंडरचे दोन्ही प्लग जोडीने मांडा. आता जोड्या पाहा. एका सिलिंडरमधले दोन प्लग तेच पेट्रोल, तीच हवा, तेच ऑइल पाहून आलेले असतात, ते एकाच घटनेचे दोन साक्षीदार. दोघांचा रंग सारखा असेल, भुरा किंवा फिकट तपकिरी, तर सगळं ठीक. दोघेही सारखेच काळे असतील तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा ऑइल वर येतंय, म्हणजे दुखणं ठिणगीचं नाही. पण एक भुरा आणि एक काळा किंवा ओलसर असेल तर त्या काळ्या प्लगची वायर, त्याची टोपी किंवा कॉइलचं ते तोंड मेलेलं आहे. पेट्रोलचा दोष दोघांना सारखाच लागतो, ठिणगीचा दोष एकालाच लागतो. त्या बियाणे व्यापाऱ्याच्या गाडीत पाचव्या सिलिंडरच्या जोडीने हे सरळ सांगितलं.

कॉइलवर संशय असेल तर लगेच नवी आणू नका. पाचव्याची कॉइल दुसऱ्यावर आणि दुसऱ्याची पाचव्यावर बसवून शंभर किलोमीटर चालवा. स्कॅनरवर दोष दुसऱ्या सिलिंडरकडे सरकला तर कॉइल गेली. जागच्या जागी राहिला तर वायर, प्लग किंवा त्याहून खोल काहीतरी. वायरी मीटरने मोजाव्यात आणि बाराही आकडे वहीत लिहावेत. पुस्तकातला आकडा नसला तरी चालेल. अकरा सारखे आणि एक निराळा असेल तर तो निराळाच दोषी. या वायरींच्या टोप्या सायलेन्सरच्या पाइपाशेजारी भाजून कडक झालेल्या असतात आणि ओढताना तुटतात. म्हणून जुन्या गाडीचे प्लग काढण्याआधी दोन-तीन वायरी आणून ठेवा, नाहीतर गाडी आठवडाभर उघडी पडून राहील.

आता जे अजिबात करू नये ते. पद्मिनीच्या काळात वायर काढून ती इंजिनच्या लोखंडापासून बोटभर लांब धरायची आणि करंट येतो का पाहायचं, ही आपली रीत होती. या गाड्यांवर ती वापरू नका. ठिणगीला जायला वाट मिळाली नाही की तो दाब कॉइलच्या आतलं इन्सुलेशन फोडतो किंवा संगणकातला तो भाग जाळतो. शंभर रुपयांची तपासणी करायला जाऊन लाखाचं काम निघतं. स्पार्क टेस्टर नावाचं साधं साधन मिळतं, ते वापरायला सांगा. हृदयाला पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनच्या या भागाजवळ जाऊच नये. आणि कृपा करून सर्व्हिसिंगला प्रेशरच्या पाण्याने इंजिन धुवू देऊ नका. प्लगच्या खोबणीत पाणी साचतं, दिसत नाही, आणि पुढचे पंधरा दिवस गाडी मिस मारत राहते.

याहून गंभीर गोष्ट आगीची आहे. सिलिंडर पेटलं नाही तरी पेट्रोल पडतच राहतं. ते न जळता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे जळतं. मग तो डबा लालभडक होतो. जुन्या जग्वारच्या बारा सिलिंडरच्या गाडीत, मॅग्नेटी मारेल्लीची ठिणगी व्यवस्था असलेल्या काळात, हेच दुखणं जगभर प्रसिद्ध होतं. एका डिस्ट्रिब्युटरमध्ये एकावर एक दोन पदरी रोटर, एका पदराने सहा सिलिंडर, दुसऱ्याने सहा. एक पदर जळला की सहा सिलिंडर एकदम थंड, पण उरलेल्या सहांवर ती ताकदवान गाडी पळतच राही, आणि खाली कन्व्हर्टर तापून आग लागे. आपल्याकडे आश्विनात देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेला गाड्या कुठेही उभ्या राहतात, त्याच सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, रस्त्याकडेला कुटार आणि वाळलेलं गवत पडलेलं असतं. मिस मारणारी गाडी तशा जागी उभी करणं म्हणजे काडी ओढून ठेवण्यासारखं आहे. पिवळा दिवा लुकलुकत असेल, नुसता लागलेला नव्हे तर लुकलुकत असेल, तर वेग कमी करा, मोकळ्या डांबरावर थांबवा आणि गाडी टो करून न्या.

बारा सिलिंडरच्या मर्सिडीजबद्दल मत स्पष्ट सांगतो. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक निघते तेव्हा ती पाहून मन भरून येतं. त्या नावाची, मर्सिडीजनेच काढलेली या शतकातली गाडी आणि तिच्याच जातीची एस ६०० हल्ली जुन्या बाजारात मोहात पाडतील अशा भावात येतात. त्यात चोवीस प्लग आहेत आणि प्रत्येक बाजूच्या सहा सिलिंडरच्या सगळ्या कॉइल एकाच लांब पट्टीत बंद केलेल्या आहेत. एक कॉइल गेली तरी अख्खी पट्टी बदलावी लागते. आपल्या भागात राहून ती गाडी घेऊ नये असं माझं मत आहे. सुट्या भागाची वाट पाहण्यातच वर्ष जाईल.

चावीबद्दल थोडंसं. या काळातल्या मर्सिडीजच्या चावीला दात नसतात. ती खोबणीत घातली की अदृश्य किरणांनी गाडीशी ओळख पटवते, मगच इग्निशन चालू होतं. बसस्टँडजवळच्या चावीवाल्याकडे ती बनत नाही. म्हणून व्यवहाराच्या वेळी दोन्ही चाव्या मागा आणि दोन्हींनी गाडी सुरू करून पाहा. एकच चावी मिळत असेल तर दुसरीचा खर्च किमतीतून वजा करा.

कारागीर गावातलाच असू द्या. बरीचशी दुरुस्ती आपल्या माणसांच्या हातात बसते, फक्त त्यांना आधी रचना सांगावी लागते. गाडी सोडताना एका कागदावर लिहून द्या: प्लग बारा, कॉइल सहा, वायरी बारा, बदलले तर बाराही एकदम, जुने परत हवेत. आणि गाडी परत घेताना ते बारा जुने प्लग मोजून घ्या.